कासवापासून राखण

“खारं पाणीच पाह्याचं हाय ना तुले, मंग इतक्या दूर काहून जाऊन राहिली? आपल्या विहिरीत काय कमी हाय?”

अकोल्याच्या फलाटावर माझा धाकटा भाऊ सुधाकर हे इतक्या मोठ्याने म्हणाला, की शेजारच्या बाकावरची मंडळी वळून पाहू लागली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं गाव तेल्हाऱ्याच्या बाजूला, खारपाण पट्ट्यात. तिथे जमिनीखालचं पाणीच खारट. शेतातल्या जुन्या विहिरीचं पाणी गुरं पितात, माणसं तोंड वाकडं करतात. कालव्याचं पाणी येतं म्हणून सुधाकरची वांगी, गवार आणि सांभार (कोथिंबीर) बाजारात जातो.

मी प्राणिशास्त्राची शिक्षिका. आधी अमरावतीला, मग अकोल्याला, निवृत्त होईपर्यंत मी मुलांना समुद्रातले प्राणी शिकवले. तारामासा, समुद्रघोडा, कासवाचं पिल्लू, सगळे आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत होते आणि सगळ्यांचा रंग एकच होता, जुन्या तुपासारखा. समुद्र मात्र मी पाहिला नव्हता. पाहावा असं फार वाटतही नव्हतं. मग तेजूचा फोन आला.

तेजस्विनी माझी अमरावतीची विद्यार्थिनी. घर नांदगाव पेठेत, वडील तिथल्या कापडाच्या कारखान्यात. ही मुलगी पुढे शिकत शिकत थेट लक्षद्वीपच्या एका बेटावर समुद्राचा अभ्यास करायला पोचली होती. “मॅडम, मोजणीले माणसं कमी पडून राहिले. स्वयंसेवक म्हणून याल का? गवत मोजायचं हाय,” ती म्हणाली.

“गवत? समुद्रात?”

“हो, समुद्रात गवत असते. कासवं खातात थे.”

कासवं वाचवण्याचं काम आहे, एवढं मला कळलं. तेवढं पुरेसं वाटलं. सुधाकरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे समुद्रातलं तण निंदाले चालली म्हण!” तरी त्याने शेंगदाण्याची चटणी, ठेचा, बेसन आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला.

हैदराबादला गाडी बदलून मी केरळात उतरले. वाटेत काळी माती कधी लाल झाली आणि लाल कधी हिरवी झाली, ते झोपेत राहून गेलं. कोचीच्या बंदरात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि माझा चेहरा उतरला. पाणी काळपट, तेलकट, वर जलपर्णीच्या जुड्या तरंगताहेत. आमच्या अकोल्याच्या मोर्णा नदीत हेच तर दिसतं! हाच का तो, असं कुणाला विचारावं हेही कळेना.

जहाज बाहेर पडलं तसा तो बदलला. निळा झाला, मग इतका गडद निळा की त्यात हात घातला तर बोटं शाईने भरतील असं वाटावं. ते सौंदर्य मी फार वेळ पाहू शकले नाही. जहाज डोलू लागलं आणि उरलेला प्रवास मी एका प्लास्टिकच्या पिशवीच्या सोबतीने केला.

बेटाजवळ जहाज आत जात नाही. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं, आणि त्या कड्याच्या आत उथळ, शांत पाण्याचं सरोवर. म्हणून जहाज बाहेर थांबतं आणि माणसं छोट्या होडीत उतरतात. उतरतात म्हणजे, दोघं जण वरून दंड धरतात, दोघं खालून हात पसरतात आणि होडी लाटेवर वर आली की “चला” म्हणतात. मी गेले. माझी एक चप्पल मात्र अरबी समुद्राला गेली.

होडी चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, लुंगी नेसलेले, दाढी पांढरी. ते कोया. तेजू त्यांना ‘इक्का’ (मोठा भाऊ) म्हणायची, म्हणून मीही कोयाइक्का म्हणू लागले. होडी कड्याच्या आत आली आणि पाण्याचा रंग एकदम हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा झाला. मी तोंड उघडं टाकून पाहत होते, तेवढ्यात कोयाइक्का पाण्याकडे बोट दाखवून ओरडले, “आमा! आमा!”

कुणाची तरी अम्मा पाण्यात पडली, असं समजून मी ताडकन उभी राहिले. होडी कलली. तेजूने माझा पदर धरून खाली ओढलं.

“मॅडम, बसा! आमा म्हणजे कासव.”

तोवर कासव गेलं होतं. मला दिसली ती फक्त पाण्यातली एक सावली.

माझी सोय कोयाइक्कांच्याच घरी होती. त्यांची बायको सैनबा, ठेंगणी, हसरी. तिने मला आल्या आल्या शहाळं दिलं आणि मग ताट वाढलं. भात, नारळाची आमटी आणि ‘मास’. हा मास म्हणजे उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा वाळवलेला टूना मासा. मी घरी मटण खाते, पण मासा मला आजवर बरणीतल्या औषधी पाण्यातच भेटलेला. तो घास तोंडात घेतला आणि नाकात प्रयोगशाळेचा वास आला. सैनबाला हे कसं सांगावं? मी पोट दुखतंय म्हणाले. तिने ओव्याचं पाणी दिलं, म्हणजे दोन गोष्टी प्याव्या लागल्या, खोटं बोलल्याची शरम आणि ते पाणी. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बेसनाचा झुणका केला. भाजी तिथे जहाजातून येते आणि जहाज कधी येईल ते समुद्र ठरवतो, म्हणून झुणक्याचं घरात स्वागत झालं. सैनबाने त्यावर नारळाचं तेल ओतलं. मी तो तसाच खाल्ला.

मग गवत. मला पोहता येत नाही. तेजूने फुगीर जाकीट चढवलं, तोंडावर काच लावली, तोंडात श्वासाची नळी दिली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. “मॅडम, फक्त डोकं खाली घाला.” मी घातलं आणि नळीतून समुद्र प्याले. संध्याकाळी सुधाकरला फोनवर सांगितलं, “आपल्या विहिरीपेक्षा खारं हाय रे.” तो म्हणाला, “बरं झालं. आता विहिरीले नावं नको ठेवू.”

दोन-तीन दिवसांत जमलं. काम सोपं होतं. लोखंडी पट्टीची चौकट तळाशी ठेवायची, चौकटीतली गवताची पाती मोजायची, उंची पाहायची, पुढे सरकायचं. पण मला वाटलं होतं तसं ते गवत नव्हतंच. बकऱ्या चरून गेल्यावर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जी खुंटं उरतात तसं काहीतरी, मध्ये मध्ये, बाकी नुसती पांढरी वाळू. ठिकठिकाणी तेजूने लहानसे जाळीचे पिंजरे रोवले होते. त्यात मात्र गवत गुडघ्याएवढं उंच, दाट, एका बाजूला झुकून डोलणारं, आणि त्यात बारीक बारीक मासे.

आणि मग ते आलं. मी एका पिंजऱ्याशी होते. उजव्या बाजूने एक मोठं हिरवं कासव पाण्यातून अगदी सावकाश आलं, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता खाली उतरलं आणि खुंटं खाऊ लागलं. मान खाली, एका लयीत, गाय चरते तसं. त्याच्या पाठीवर उन्हाची जाळी हलत होती. बरणीतलं ते तुपकट पिल्लू मला आठवलं, आणि काचेच्या आत माझे डोळे भरून आले. तशात काच धुरकट होते, ते नंतर कळलं.

होडीत आल्यावर मी कोयाइक्कांना म्हणाले, “कितना सुंदर है!”

ते नांगराचा दोर ओढत होते. मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम आमा को बचाने आया. किससे बचाने?”

मी हातातली काच पुसू लागले.

“पहले इधर सब घास था. घास में मछली था. बारिश में बाहर का समुंदर बंद, तब हम इधर का मछली खाता था. आमा आया, बहुत आया, घास खाया. मछली गया. अब मछली आमा खाता है, जाली आमा फाड़ता है.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हमको आमा से कौन बचाएगा?”

मी ऐकत होते आणि माझ्या कानात भलताच आवाज येत होता. आमच्या शेतात रोही (नीलगाय) येतात. कळपाने येतात, उभा हरभरा खाऊन जातात. रोह्याला मारता येत नाही, कायदा आहे. सुधाकर दरवर्षी हेच, याच स्वरात म्हणतो, “सरकार रोह्याले वाचवते, आम्हाले रोह्यापासून कोन वाचवीन?” आणि मी अकोल्याच्या घरात पंख्याखाली बसून त्याला अन्नसाखळी समजावून सांगत आले आहे.

त्या दिवशी मी तेजूला बाजूला घेतलं. “खरं काय ते सांग.”

“कासव मासे खात नाही, थे इक्का चुकीचं सांगतात,” ती म्हणाली. “पण गवत कासवानंच खाल्लं, थे खरं हाय. पिंजऱ्यात कासव जात नाही म्हणून तिथलं वाचलं. गवत गेलं म्हणून मासे गेले, थेही खरं हाय.”

“मग आपण कासव वाचवून राहिलो की गवत?”

“कासवाले खाणारे मोठे शार्क कमी झाले, म्हणून कासवं एका जागी जमतात असं काही जण म्हणतात. कासवाची चूक नाही मॅडम. इक्काचीही नाही.”

“मग कोणाची?”

“थेच तर मोजून राहिलो आपण.”

मी पुन्हा पाण्यात गेले, पाती मोजत राहिले. पण आता मोजताना मन कोणाच्या बाजूने ठेवावं ते कळेना.

मग एका सकाळी जे झालं, त्याने सगळंच बिघडलं. आम्ही तिघं होडीतून निघालो होतो. वाटेत कोयाइक्कांनी आदल्या दिवशी लावलेलं जाळं काढायचं होतं. ते नवं होतं, त्यांनी स्वतः विणलेलं. जवळ गेलो तर पाणी नुसतं उसळत होतं. एक कासव जाळ्यात अडकून गरगरा फिरलं होतं, आणि जितकं फिरलं तितकं गुंडाळलं गेलं होतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. त्याला वर येता येत नव्हतं.

तेजूने सरळ पाण्यात उडी घेतली. मी होडीच्या काठावरून वाकले आणि तिने कासवाचं डोकं वर ढकललं, तसं ते दोन्ही हातांनी धरलं. केवढं जड! त्याच्या गळ्याची कातडी मऊ होती, याचं मला त्या गडबडीतही नवल वाटलं. त्याने तोंड उघडलं आणि फूऽऽ असा श्वास टाकला, थेट माझ्या तोंडावर. कुजक्या गवताचा वास.

“इक्का, जाळं कापा!” तेजू ओरडली.

कोयाइक्का सुरी हातात घेऊन उभे होते. ते कापत नव्हते. त्यांनी तेजूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. काय बोलावं? माझ्या हातात ते डोकं होतं आणि माझे खांदे निखळायला आले होते.  मला वाटतं, माझी मान हललीही नसेल.

मग त्यांनी खाली बसून सपासप जाळं कापलं. तोंडाने त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते, त्या शिव्या असाव्यात. कासव सुटलं, वल्ह्यासारखा एक पाय माझ्या कानाखाली मारून गेलं. जाळ्याच्या चिंध्या पाण्यावर पसरल्या.

किनाऱ्यावर आल्यावर कोयाइक्का तेजूला म्हणाले, “कल से बोट नहीं.” आणि घरी निघून गेले.

होडी नाही म्हणजे मोजणी नाही. बेटावर दुसऱ्या होड्या होत्या, पण एकाने नाही म्हटल्यावर दुसरा कसा येईल? तेजूचं वर्षभराचं काम अर्ध्यात राहणार होतं. ती दिवसभर वाळूत गुडघे जवळ घेऊन बसली होती. आणि मी? मी त्यांच्याच घरात राहत होते, त्यांचाच भात खात होते. त्या घरात कोणी मला वेडंवाकडं बोललं नाही, हेच अवघड होतं.

दुपारी सैनबा नारळ खवत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला आमच्या रोह्यांचं सांगितलं. आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, वाऱ्याने हलल्या की जनावर बिचकतं, तेही सांगितलं. सैनबाची खवणी थांबली. “साड़ी? खेत को साड़ी पहनाते?” ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. ओसरीवर पडलेल्या नवऱ्याला तिने आतूनच मोठ्याने सगळं ऐकवलं. थोड्या वेळाने कोयाइक्का दारात येऊन उभे राहिले.

“तुम्हारा भाई उसको मारता?”

“नाही,” मी हिंदीत सांगितलं. “ओरडतो, फटाके फोडतो. एकदा एक रोही आमच्या विहिरीत पडलं, तर माझा भाऊच कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि गावाला घेऊन त्याला वर काढलं.”

“क्यों निकाला? खाने दो, गिरने दो, मरने दो.”

खरंच, का काढलं असेल? मी कधी विचारलंच नव्हतं. मी फोन लावला, आवाज मोठा केला. सुधाकर बाजारात होता, मागे गवारीचा भाव चालला होता.

“सुधाकर, त्या साली तू रोही विहिरीतून काहून काढलं होतं रे?”

“थे विचाराले फोन केला? विहीर माही हाय ना. मेलं असतं तं पाणी सडलं असतं. ढोरांनी काय पेलं असतं?”

मी ते हिंदीत सांगितलं. कोयाइक्कांनी मान डोलवली. त्यांना ते पटलं. पण तिकडून सुधाकर अजून होताच.

“अन् थे वरडे ना ताई, रातभर,” तो हळू आवाजात म्हणाला. “ऐकून नाई राह्यवलं.”

हेही मी सांगितलं. कोयाइक्कांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

“भाई, तुम्हारा जानवर कितना बड़ा?”

“घोडे जैसा! और कूदता कितना, अरे बापा!”

“हमारा कूदता नहीं. लेकिन खाता बहुत है.”

“तो कंपाउंड लगाओ ना भाऊ!”

“समुंदर में?”

“मग क्या हुआ? तुमारा जानवर कूदताच नहीं बोलता ना तुम!”

हे दोन गृहस्थ एकमेकांना कधीच भेटणार नव्हते. एकाची हिंदी बेटावरून आलेली, दुसऱ्याची वऱ्हाडातून. ते बराच वेळ बोलले. गवारीचं गिऱ्हाईक बहुतेक गेलं.

दुसऱ्या सकाळी होडी किनाऱ्यावर होती. पण कोयाइक्कांची एक अट होती. तेजूने लहान पिंजरे पुष्कळ लावले, आता एक मोठं कुंपण घालायचं, आणि जागा ते दाखवतील. तेजूने लगेच हो म्हटलं नाही. वरिष्ठांना विचारलं, परवानगी घेतली, मधले काही दिवस नुसते वाट पाहण्यात गेले. होकार आला तेव्हा माझे परत जायचे दिवस जवळ आले होते.

त्या कुंपणाचं काम मात्र मी जन्मभर विसरणार नाही. पहिल्यांदाच मला तिथे काहीतरी येत होतं! शेतकऱ्याची पोर आहे मी. खांब किती अंतरावर हवा, जाळी कुठे ताणायची आणि कुठे सैल सोडायची, तार पिळून गाठ कशी बसवायची, हे हातांना ठाऊक होतं. ओहोटीच्या पाण्यात उभी राहून मी गाठी मारत होते, कोयाइक्का खांब ठोकत होते, तेजू पाण्याखालून जाळी धरत होती. कोयाइक्कांनी जागा निवडली ती त्यांच्या वडिलांची मासे धरायची जागा होती. तेजूच्या मते तिथली वाळू फार सैल होती आणि गवत येईलच याची खात्री नव्हती. ती ते बोलली, त्यांनी ऐकलं, आणि खांब तिथेच ठोकले.

शेवटची गाठ मारताना माझ्या मनात आलं, मी इथे कासवासाठी आले होते ना? मग हे कोणाविरुद्ध कुंपण घालतेय? मी तेजूकडे पाहिलं. तिच्या तोंडात नळी होती, तिला विचारता येईना.

निघताना सैनबाने वाळवलेला मास बांधून दिला. तोवर मी तो खाऊ लागले होते, भाताबरोबर, थोडा थोडा. जहाजात या वेळीही पिशवी लागलीच.

अकोल्याला उतरून दोन दिवसांनी मी गावी गेले. हरभरा घाट्यावर आला होता आणि शेताभोवती साड्या हलत होत्या. त्यातली जांभळी माझीच. सुधाकरने धुऱ्यावर बसवून चहा दिला.

“मंग? वाचलं का कासव?”

“माहीत नाही रे.”

“अन् गवत?”

“तेही माहीत नाही.”

“मंग एवढ्या दूर काय करून आली तू?” त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायला लागले आणि मधेच थांबले. वाचकहो, मी तुम्हालाही नीट सांगू शकत नाही. तिकडे असताना मला सगळा वेळ हा गावचा धुरा दिसत होता, आणि इकडे आल्यावर सुधाकरच्या हरभऱ्याकडे पाहताना रोह्यांच्या पोटाचा विचार येतो. तो विचार मी पूर्वी पुस्तकातून सांगायची, आता सांगायचं धाडस होत नाही.

परवा तेजूने एक चित्रफीत पाठवली. कुंपणात गवत धरलंय, बोटभर झालंय. सगळीकडे नाही, एका कोपऱ्यात. त्यात दोन-चार बारीक मासे आहेत. कोयाइक्का रोज होडीने तिथे चक्कर मारतात म्हणे. मी आनंदाने सुधाकरला दाखवायला घेतली. त्याने हाताची माती झटकली, फोन उन्हापासून आडोशाला धरला. गवत दिसलं तसा तो खूश झाला, “जमलं म्हना की!”

मग चित्रात एक कासव आलं. जाळीच्या बाहेरून ते कुंपणाच्या कडेकडेने फिरत होतं. एका ठिकाणी थांबलं, जाळीला नाक लावलं, थोडं मागे सरलं, पुन्हा नाक लावलं. तिथे मी मारलेली एक गाठ स्पष्ट दिसत होती, घट्ट.

सुधाकरने ते पुन्हा लावून पाहिलं. मग फोन माझ्याकडे दिला आणि हरभऱ्याकडे पाहत म्हणाला,

“उपाशी दिसून राहिलं ताई थे.”